सुट्टीनंतरचे नव्वद दिवस

दिवाळीचा फराळ आणि लेप्टोचा हिशेब एकाच सुमारास येतो, हे सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. ठाण्याच्या नौपाड्यात चिखलवाडीत पाणी भरतं ते जुलै-ऑगस्टमध्ये. वंदना टॉकीजच्या अंगाला तर जोराची सर झाली की गुडघाभर पाण्यातून वाट काढायची सवयच झालेली. त्या पाण्यात उंदरांचं मूत्र मिसळलेलं असतं, पायाला कुठंतरी एखादी चीर असते, आणि पाच-दहा दिवसांनी कुणाला ताप भरतो, पोटऱ्या ठणकतात, डोळे लाल होतात. बहुतेक जण गोळ्यांवर बरे होतात. काहींना कावीळ होते, लघवी उतरत नाही, क्रिएटिनिन चढतं. मग दाखल करणं, सलाईन, इंजेक्शनं, क्वचित दोन-चार डायलिसिस, आणि पंधरा दिवसांत सुट्टी. गणपतीला माणूस घरी असतो. आरतीला उभा राहतो, मोदक खातो, सगळे म्हणतात, वाचला बुवा. सुट्टीपासून तीन महिने मोजले की तारीख येते दिवाळीच्या आगेमागे. त्या दिवशी त्यानं रक्ताची एक आणि लघवीची एक तपासणी करून घ्यायची असते. घेतंय कोण?

या प्रकाराला डॉक्टर ‘अक्यूट किडनी इन्ज्युरी’ म्हणतात, बोलताना नुसतं एकेआय. काही तासांत किंवा दिवसांत किडनीचं काम एकदम ढासळणं. केडिगो या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटानं २०१२ साली त्याचे निकष पक्के केले. ४८ तासांत रक्तातलं क्रिएटिनिन ०.३ मिलिग्रॅमनं वाढलं, किंवा सात दिवसांत ते मूळच्या दीडपट झालं, किंवा सलग सहा तास लघवी किलोमागे दर तासाला अर्ध्या मिलिलिटरहून कमी झाली, की एकेआय. साठ किलोच्या माणसाला सहा तासांत १८० मिलिलिटरही नाही. कारणं आपल्याकडची ओळखीचीच आहेत: लेप्टो, मलेरिया, डेंग्यू, जुलाब-उलट्या, बाळंतपणातला रक्तस्राव, घोणस चावणं, मोठं ऑपरेशन, अंगात पसरलेला जंतुसंसर्ग आणि वेदनाशामक गोळ्या. याच गटाच्या शिफारशींत आणखी एक वाक्य आहे. एकेआय होऊन गेलेल्या रुग्णाला तीन महिन्यांनी तपासा, आणि किडनी पूर्ण सावरली, की जुनाट विकार नव्यानं लागला, की आधी होता तो वाढला, ते पाहा. पहिली व्याख्या डॉक्टरांना तोंडपाठ असते. हे दुसरं वाक्य मात्र दवाखान्याच्या दारातच राहून जातं.

ते का राहतं, याचं निम्मं उत्तर आपल्या डोक्यात किडनीच्या आजाराचं जे चित्र बसलंय त्यात आहे. माझ्या मते महाराष्ट्रात डायलिसिस घराघरांत पोचलं ते जयप्रकाश नारायणांमुळे. आणीबाणीत अटकेत असताना, चंदीगडच्या पीजीआयमध्ये त्यांची प्रकृती ढासळली. नोव्हेंबर १९७५मध्ये सुटका झाल्यावर त्यांना मुंबईला जसलोकमध्ये आणलं, तेव्हा किडन्या निकामी झाल्याचं निदान झालं. हे जसलोक दोनच वर्षांपूर्वी, १९७३ साली, इंदिरा गांधींच्याच हस्ते सुरू झालेलं. तिथं डॉ. एम. के. मणी यांनी त्यांच्यावर उपचार केले आणि पुढची जवळपास चार वर्षं जेपी मशिनवर जगले. मार्च १९७९मध्ये ते जसलोकमध्ये असतानाच लोकसभेत त्यांच्या निधनाची घोषणा झाली, श्रद्धांजलीही वाहिली गेली, आणि मग ते हयात असल्याचं कळलं. ऑक्टोबरात ते पाटण्यात गेले. ही कहाणी तेव्हाच्या प्रत्येक वाचत्या घरात ठाऊक होती, आणि नौपाडा तर वाचणाऱ्यांचा. तिच्यातून ठसलं ते एवढंच: किडनी गेली की गेली, मशीन लागलं की जन्माचं.

डायलिसिसचा इतिहास मात्र नेमका उलटा आहे. हॉलंडमधल्या कांपेन गावी विलेम कोल्फ या डॉक्टरानं महायुद्धात, जर्मनांचा ताबा असताना, सॉसेजच्या वेष्टनाचं सेलोफेन फिरत्या लाकडी पिंपाभोवती गुंडाळून पहिलं कामचलाऊ यंत्र केलं. आधीचे जवळपास सगळे रुग्ण दगावले. सप्टेंबर १९४५मध्ये सतरावी रुग्ण आली सोफिया शाफस्टाट, वय ६७, किडन्या अचानक बंद पडलेल्या, बेशुद्ध. काही तास यंत्र चालल्यावर तिनं डोळे उघडले आणि आता मी नवऱ्याला घटस्फोट देणार असं जाहीर केलं, असं कोल्फ सांगत. तो तिनं दिलाही. पण खरी गोष्ट पुढं आहे. तिच्या किडन्या पुन्हा चालू झाल्या, आणि बाई आणखी काही वर्षं मशिनाविना जगली. डायलिसिसनं वाचलेला जगातला पहिला माणूस हा एकेआयचा होता. यंत्र जन्मलं तेच मुळी किडनी शुद्धीवर येईपर्यंत वेळ काढायला. कायमच्या डायलिसिसची सोय झाली ती १९६० साली, सिएटलला बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी हातात ठेवता येणारी टेफ्लॉनची नळी काढल्यावर.

आपल्याला दुसरी गोष्ट आधी कळली आणि पहिली कळलीच नाही. त्यामुळे एकेआयच्या रुग्णाच्या घरी दोन टोकं दिसतात. मशीन लागलं की रडारड: आता संपलं, किडनी कोण देणार, घर विकावं लागणार. आणि मशीन सुटलं की पेढे: सगळं नॉर्मल, विषय मिटला. या दोन्हींच्या मधला प्रदेश, तोच खरा रुग्णाच्या हातातला, तो कुणी दाखवत नाही. तज्ज्ञांनी २०१७ साली त्या मधल्या काळाला स्वतंत्र नावही देऊन टाकलं, सातव्या दिवसापासून नव्वदाव्यापर्यंतचा. नव्वद दिवसांत किडनी सावरू शकते, अर्धवट सावरू शकते, किंवा सावरल्यासारखी दाखवून आतून खंगू शकते. नव्वद दिवसांनंतर जे उरतं त्याला जुनाट म्हणायचं.

आता सुट्टीचा कागद हातात घेऊ. डिस्चार्ज कार्ड, दोन पानी, बहुधा रात्री उशिरा एखाद्या निवासी डॉक्टरनं कॉम्प्युटरवर जुना नमुना उघडून भरलेलं. वर निदान: लेप्टोस्पायरोसिस विथ एकेआय. खाली तारखांचं कोष्टक, त्यात क्रिएटिनिन ४.८, ६.१, ३.३, १.९. मग गोळ्यांची यादी. शेवटी, पुन्हा दाखवा सात दिवसांनी, ओपीडीत. हे चुकीचं काहीच नाही. पण यात जे नाही ते पाहा. आजाराआधी या माणसाचं क्रिएटिनिन किती होतं? लिहिलेलं नाही. १.९ वरून पुढं कुठं जायला हवं? नाही. आधीच्या रक्तदाबाच्या गोळ्यांपैकी कुठल्या बंद केल्या, आणि त्या पुन्हा कुणी, कधी सुरू करायच्या? नाही. कुठल्या गोळ्या इथून पुढं घ्यायच्या नाहीत? नाही. तीन महिन्यांची तारीख? तीही नाही. सात दिवसांनी माणूस जातो, क्रिएटिनिन १.५ निघतं, डॉक्टर म्हणतात छान, आणि तिथं फाईल बंद होते.

अमेरिकेत नॅशव्हिलला संशोधकांनी एकेआयमधून वाचलेल्या १३७ जणांना विचारलं होतं. त्यातल्या ८० टक्क्यांना आपल्याला असं काही झालं होतं याचा पत्ताच नव्हता. त्यांना न्यूमोनिया ठाऊक होता, ऑपरेशन ठाऊक होतं, किडनीचं कुणी बोललंच नव्हतं. तिथल्याच माजी सैनिकांच्या दवाखान्यांतल्या नोंदी पाहिल्या तेव्हा, एकेआयनंतर महिना उलटूनही ज्यांच्या किडनीचं काम कमीच राहिलं होतं, त्यांच्यापैकी जेमतेम साडेआठ टक्के किडनीतज्ज्ञाकडे पाठवले गेले. सगळ्या नोंदी एका कळीवर उपलब्ध असलेल्या यंत्रणेतला हा आकडा. आपल्याकडे तर दवाखान्याची नोंद आणि कोपऱ्यावरच्या डॉक्टरची नोंद यांची गाठ पडते ती रुग्णाच्या प्लास्टिकच्या पिशवीत.

त्या पिशवीबद्दल मात्र नौपाडेकरांना मानलं पाहिजे. घरात प्रत्येकाची रिपोर्टांची फाईल असते, तारीखवार लावलेली, पंचवीस वर्षांपूर्वीच्या मोतीबिंदूच्या कागदांसकट. मुलं अमेरिकेत, आईवडील इथं, आणि मधे फाईल. एकेआयच्या वेळी त्या फाईलमधला सगळ्यात मोलाचा कागद असतो तो साधा, दोन वर्षांपूर्वी विम्यासाठी किंवा गुडघ्याच्या ऑपरेशनआधी काढलेला रक्ताचा रिपोर्ट. त्यात क्रिएटिनिन ०.८ असेल तर आजचं १.९ हे सगळंच्या सगळं नवं नुकसान. १.७ असेल तर कथा वेगळी, किडनी आधीपासूनच थकलेली होती. तो एक जुना आकडा नसेल तर डॉक्टर अंदाजानं चालतो. दाखल करताना पेशंटच्या उशाशी आधार कार्डाबरोबर तो कागद ठेवावा.

आकड्याबद्दल आणखी थोडं, कारण फसगत इथंच होते. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं आणि किडनीवाटे बाहेर जातं. किडनीनं निम्म्याच्या आसपास काम सोडलं तरी अनेकदा हा आकडा छापील मर्यादेच्या आतच रेंगाळतो. पंचवीस वर्षांच्या मुलाचं क्रिएटिनिन १.२ असलं तर हल्लीच्या सूत्रानं त्याच्या किडनीची गाळणी मिनिटाला ८६ मिलिलिटरच्या घरात येते, म्हणजे ठीकच. अडुसष्ट वर्षांच्या आजींचं तेच १.२ असलं तर गाळणी येते ४९. बऱ्याच रिपोर्टांवर दोघांच्याही आकड्याला ठळक अक्षर नसतं, बाण नसतो. त्यातून आजी वीस दिवस आयसीयूत काढून आलेल्या असल्या तर स्नायू झडलेले असतात. स्नायू कमी, म्हणून क्रिएटिनिनही कमी, आणि रिपोर्ट खऱ्यापेक्षा गोड दिसतो. म्हणून आकड्याबरोबर ईजीएफआर, म्हणजे गाळणीचा हा अंदाज, मागायचा. आणि त्याहून महत्त्वाची आहे लघवीची तपासणी.

ही तपासणी म्हणजे सकाळच्या पहिल्या लघवीतलं अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिनचं प्रमाण, लॅबवाले एसीआर म्हणतात. ३०च्या आत असलं तर चांगलं, तीनशेच्या वर गेलं तर तातडीनं तज्ज्ञाकडे. अमेरिकेतल्या अ‍ॅसेस-एकेआय या अभ्यासानं दवाखान्यातून घरी गेलेल्या रुग्णांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. २०२०मध्ये त्याचा निष्कर्ष आला: एकेआयनंतर तीन महिन्यांनी लघवीतून किती प्रथिन जातंय, यावरून पुढं किडनी घसरणार का हे सगळ्यात चांगलं कळतं. काहीशे रुपयांची तपासणी. गोखले रोडवर चालत गेलात तर दर थोड्या अंतरावर लॅबची पाटी आहे, सकाळी घरी येऊन नमुना नेणारे आहेत. पण डॉक्टरनं लिहून दिल्याशिवाय ती कुणी करत नाही, आणि लिहून देणाऱ्याला ती आठवायला हवी.

लिहून देणारा म्हणजे कोण? किडनीतज्ज्ञ नव्हे. ठाण्यात, कल्याण-डोंबिवलीत किडनीतज्ज्ञ आहेत, पण लेप्टो-डेंग्यूच्या मोसमात एकेआय होऊन गेलेल्या प्रत्येकाला ते बघू लागले तर त्यांच्या कायमच्या रुग्णांनी कुठं जायचं? बघायचं आहे ते फॅमिली डॉक्टरनं. नौपाड्यात ही जात अजून टिकून आहे. बापाचा दवाखाना मुलगा चालवतो, कुणी एमबीबीएस, कुणी बीएएमएस, कुणी होमिओपॅथ, आणि तीन पिढ्यांचा रक्तदाब त्यांना पाठ. या मंडळींना एकेआय कळत नाही असं मुळीच नाही. पावसाळ्यात तापाच्या पेशंटची लघवी कमी झाली की वेळेवर दाखल करा म्हणून सांगणारे तेच असतात. त्यांना कळत नाही ते दवाखान्यात काय झालं. रुग्ण परत येतो तो सर्दीला, कंबरेला, साखरेला, आणि सांगतो, मधे लेप्टो झाला होता, आता बरं आहे. चार डायलिसिस झाली हे तो सांगतोच असं नाही. शेजारच्यांना कळायला नको असतं, विशेषतः घरात लग्नाची मुलगी असली तर.

मग कंबर धरते. मेडिकलवर जाऊन ‘काहीतरी द्या हो जरा’ म्हटलं की पट्टी कापून मिळते. डायक्लोफिनॅक, अ‍ॅसिक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन. कायद्यानं यातल्या बऱ्याच चिठ्ठीशिवाय द्यायच्या नसतात, आणि काउंटरवर कायदा काय करतो ते सगळ्यांना माहीत आहे. डायक्लोफिनॅकनं किडनीचं काय होऊ शकतं याचा सगळ्यात भीषण पुरावा माणसांत नाही, गिधाडांत आहे. गुराढोरांना हे औषध दिलं जाई, मेलेली ढोरं गिधाडं खात, आणि त्यांच्या किडन्या बंद पडत. या उपखंडातली गिधाडं काही वर्षांत जवळजवळ नाहीशी झाली, २००४मध्ये कारण सापडलं आणि २००६मध्ये सरकारनं जनावरांसाठी डायक्लोफिनॅकवर बंदी घातली. माणूस गिधाडापेक्षा कितीतरी चिवट आहे. धडधाकट माणसानं दोन दिवस गोळी घेतली तर बहुधा काही होत नाही. ज्याच्या किडनीला नुकताच मार बसलाय त्याचं तसं नाही.

कारण समजून घेण्यासारखं आहे. किडनीत येणारी रक्तवाहिनी मोकळी ठेवायचं काम शरीरातली काही रसायनं करतात, आणि वेदनाशामक गोळी तीच बंद पाडते. टेल्मिसार्टन, रॅमिप्रिलसारखी रक्तदाबाची गोळी बाहेर जाणारी वाहिनी सैल करते. लघवीची गोळी अंगातलं पाणी कमी करते. येणारा नळ आवळला, जाणारा सोडून दिला, टाकीत पाणीही कमी. गाळणीवर दाब येणार कुठून? यातली एकेक गोळी वेगळी घेतली तर निभावतं. तिन्ही एकत्र आल्या, वर जुलाब लागले, की दुसरं एकेआय ठरलेलं. आणि पहिलं होऊन गेलेल्याला दुसरं लवकर होतं. म्हणून एकेआय झालेल्या माणसानं दुखण्याला साधी पॅरासिटामॉल, तीही विचारून. बाकी गोळ्यांची नावं चिठ्ठीवर ‘घेऊ नये’ म्हणून लिहून घ्यावी, आणि ती चिठ्ठी मेडिकलवाल्यालाही दाखवावी. नेहमीचा मेडिकलवाला ओळखीचा असतो, एकदा कळलं की तोच हात आखडतो. डॉक्टर विसरेल, तो विसरणार नाही.

रक्तदाबाच्या गोळीचं प्रकरण जरा नाजूक आहे. आजारपणात टेल्मिसार्टन बंद करतात ते बरोबरच. पण कार्डावर ‘बंद’ लिहिलं आणि ‘पुन्हा सुरू’ लिहिलं नाही, की ती कायमची सुटते. रुग्णाला वाटतं याच गोळीनं किडनी गेली. व्हॉट्सअ‍ॅपवर तसं आलेलंही असतं. कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतातल्या नोंदींवरून २०१८मध्ये दिसलं की, एकेआयनंतर ज्यांना या गटातल्या गोळ्या पुन्हा मिळाल्या त्यांच्यात पुढच्या दोन वर्षांतले मृत्यू कमी होते. हा निरीक्षणाचा अभ्यास, गोळीमुळेच ते जगले असं छातीठोक म्हणता येणार नाही. पण भीतीपोटी गोळी कायमची टाकून देणं शहाणपणाचं नाही, एवढं नक्की. कधी सुरू करायची, किती मात्रेनं, आठवड्यानं पोटॅशियम आणि क्रिएटिनिन तपासून, हे फॅमिली डॉक्टरनं ठरवायचं. आणि पुढं कधी उलट्या-जुलाब झाले, खाणंपिणं तुटलं, तर ही गोळी, लघवीची गोळी, मधुमेहाची मेटफॉर्मिन दोन दिवस थांबवायची का, हे डॉक्टरला फोन करून विचारायचं. हा फोन करायचा असतो हे रुग्णाला आधी सांगितलेलं असावं लागतं.

आता जेवण. इथं मला सगळ्यात राग येतो. जुनाट किडनीविकाराचा आहाराचा छापील कागद एकेआयच्या प्रत्येक रुग्णाला बिनदिक्कत दिला जातो. नारळपाणी बंद, टोमॅटो बंद, केळं बंद, भाज्या उकळून पाणी ओता, पाणी दिवसाला एक लिटर. लेप्टोच्या एकेआयचं वैशिष्ट्यच असं की पुष्कळदा लघवी कमी होत नाही आणि रक्तातलं पोटॅशियम वाढायच्या ऐवजी उतरतं. दवाखान्यात सलाईनमधून पोटॅशियम द्यायचं आणि घरी गेल्यावर नारळपाणी बंद करायचं, असा हा प्रकार. दुसऱ्या बाजूला, किडनी जागी होऊ लागली की काही दिवस लघवी भरभरून होते, दिवसाला तीन-चार लिटरही. तेव्हा ऑक्टोबरच्या उकाड्यात बाटलीवर खूण करून एक लिटर पाणी पिणारा माणूस स्वतःच्या हातानं किडनीला पुन्हा कोरडं पाडत असतो. आणि उलटही आहे: लघवी होत नसताना ‘किडनीसाठी भरपूर पाणी प्या’ हा सल्ला पाळला तर पाणी फुप्फुसात जातं. नेमकं किती प्यायचं ते त्या आठवड्याची लघवी, वजन आणि रिपोर्ट बघून ठरतं. पथ्याच्या कागदावर तारीख हवी, औषधाच्या बाटलीवर असते तशी, म्हणजे तो कधी रद्द झाला ते कळेल.

गोखरूचा काढा, ‘किडनी साफ’ करणारे रस, कुठल्याशा भस्माच्या पुड्या, यांबद्दल एवढंच: किडनी साफ करायची गरज नसते, तीच आपल्याला साफ करते. बिलिंबीचा रस ग्लासभर पिऊन किडनी बंद पडल्याचे रुग्ण केरळात नोंदले गेलेत. या आंबट फळातलं ऑक्सलेट किडनीत साचतं.

डायलिसिस सेंटरमध्ये दुपारच्या पाळीला पाहा. दहा-बारा खुर्च्या किंवा पलंग, प्रत्येकाशेजारी मशीन, भिंतीवर टीव्ही, कोपऱ्यात डबे घेऊन बसलेले नातेवाईक. नेहमीचे रुग्ण आठवड्यातून तीनदा, चार तास, वर्षानुवर्षं येणारे. टेक्निशियनला त्यांची नावं, नातवंडं, चहाची साखर, सगळं ठाऊक. २०१६ साली राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला, राज्याच्या महात्मा जोतीराव फुले योजनेतही डायलिसिस आहे, त्यामुळे कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयासारख्या ठिकाणी गरिबालाही मशीन मिळू लागलं, ही मोठीच गोष्ट झाली. पण या खुर्च्यांत मधेच एखादा असतो तीन आठवड्यांपूर्वी दाखल झालेला, एकेआयचा, सुट्टी झालेली पण मशीन न सुटलेला. त्याला नेहमीच्या साच्यात बसवलं की घात होतो. सोमवार, बुधवार, शुक्रवार, चार तास, दोन-अडीच लिटर पाणी काढा. रक्तदाब पडतो, जाग्या होत असलेल्या किडनीला पुन्हा रक्त कमी पडतं. याच्या बाबतीत दर आठवड्याला विचारायला हवं: घरी लघवी किती होते? डायलिसिसच्या आधीचं क्रिएटिनिन आपोआप उतरतंय का? एखादं सत्र गाळून बघायचं का? चोवीस तासांची लघवी पाच लिटरच्या कॅनमध्ये गोळा करून आणायला सांगायला हवं. तिला वास येतो, घरातले नाक मुरडतात, पण त्या कॅनमध्ये मशीन सुटायचं उत्तर असतं. कायमच्या डायलिसिससाठी हातावर फिस्टुला करायची घाईही नको. नातेवाईक स्वतःच विचारत सुटतात, किडनी कोण देणार. त्यांना थांबा म्हणायलाही कुणीतरी हवं.

शहापूर-मुरबाडकडचा रुग्ण असला तर गोष्ट आणखी लांबते. भाताच्या कापणीत घोणस चावते. तिच्या विषानं रक्त गोठायचं बंद होतं आणि किडनीवर मार बसतो. गावच्या दवाखान्यात साध्या काचेच्या नळीत दोन मिलिलिटर रक्त घेऊन वीस मिनिटं हलवायचं नाही, मग नळी तिरकी करायची. रक्त पातळच राहिलं तर प्रतिविष सुरू. ही तपासणी करणाऱ्या आरोग्य केंद्रांनी खूप जीव वाचवलेत. २०२४ साली केंद्र सरकारनं सर्पदंश कळवणं बंधनकारक करा असं राज्यांना सांगितलं, २०३०पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचं ठरवलं. मृत्यूचा हिशेब ठेवला जाईल, चांगलंच आहे. वाचलेल्याच्या किडनीचा कोण ठेवील? घोणशीच्या विषानं कधी किडनीचा बाहेरचा थर मरतो, तो परत येत नाही, आणि माणूस वर्ष-दोन वर्षांनी पाय सुजवून ओपीडीत उभा राहतो. त्याला तीन महिन्यांनी ठाण्याला बोलावणं म्हणजे दिवसाची मजुरी, एसटी, लोकल. त्याचं रक्त तिथल्याच सरकारी केंद्रात घेतलं जाऊ शकतं. महालॅबच्या माध्यमातून नमुने गोळा व्हायची सोय राज्यात आहे. ठाण्याच्या कार्डावर तिथल्या केंद्राचं नाव आणि तारीख लिहिली की काम झालं.

मुलांचं वेगळं सांगायला हवं. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायइथिलिन ग्लायकॉल मिसळलेलं ग्लिसरॉल पोटात जाऊन १४ रुग्ण किडन्या बंद पडून गेले. न्यायमूर्ती लेंटिन आयोगानं औषध खरेदीपासून मंत्रालयापर्यंतचा सगळा कारभार उघडा केला. एवढं होऊन २०२५च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये छिंदवाड्याची लहान मुलं खोकल्याच्या औषधानं किडन्या बंद पडून नागपूरच्या दवाखान्यांत आली. त्या सिरपमध्ये तेच रसायन निघालं, ४८.६ टक्के, चालतं ते ०.१. वीसहून अधिक मुलं गेली. बातम्या, अटका, आरोप झाले, व्हायलाच हवे होते. अशा विषातून एखादं मूल वाचलं तर त्याच्यापुढं साठ-सत्तर वर्षं असतात, आणि त्याच्या किडनीला ती पुरवायची असतात. मोठ्या माणसाचं तीन महिन्यांचं जे बोलतोय, ते मुलाच्या बाबतीत दर वर्षी रक्तदाब, लघवी आणि वाढ, असं मोठेपणापर्यंत चालतं. शाळेच्या आरोग्य तपासणीत दात बघतात, डोळे बघतात. रक्तदाबाचा पट्टा लहान मापाचा नसतोच बहुधा.

शिकवायचं कुणाला आणि कुठं? दर वर्षी मार्चच्या दुसऱ्या गुरुवारी जागतिक किडनी दिन असतो, २००६पासून. २०१३ साली त्याचा विषय एकेआय होता. एरवी त्या दिवशीच्या भाषणात साखर, रक्तदाब आणि पाणी प्या. ब्रिटननं मात्र थोडं वेगळं केलं. २००९ साली तिथल्या एका चौकशीत दिसलं की एकेआयनं दगावलेल्यांपैकी निम्म्यांनाच चांगली देखभाल मिळाली होती. मग ‘थिंक किडनीज’ मोहीम आली, लॅबच्या कॉम्प्युटरमधूनच एकेआयचा इशारा जाऊ लागला, आणि फॅमिली डॉक्टरांच्या संघटनेनं सुट्टीनंतर काय करायचं याचं साहित्य तयार केलं. आपल्याकडे डॉक्टरांच्या संघटना पंचतारांकित हॉटेलात नवीन औषधांवर परिषदा घेतात. एखादी संध्याकाळ सुट्टीच्या कार्डावर घेतली तर जेवण साधं ठेवलं तरी चालेल. आणि श्रोत्यांची नौपाड्याला कधीच ददात नव्हती. म्हाळगी व्याख्यानमालेला थंडीत सरस्वतीच्या मैदानावर माणसं खुर्च्या धरून बसतात, इतिहास ऐकतात, अर्थकारण ऐकतात. क्रिएटिनिनवर तासभर नक्की ऐकतील, प्रश्नही कार्डावरचे विचारतील.

दवाखान्यांना सांगायचं तर नमुन्यात चार ओळी वाढवा. आजाराआधीचं, सर्वाधिक आणि सुट्टीच्या दिवशीचं क्रिएटिनिन. कारण. थांबवलेल्या गोळ्या आणि त्या कोण, कधी सुरू करणार. पुढच्या दोन तपासण्यांच्या तारखा, एक दोन आठवड्यांची आणि एक तीन महिन्यांची. डायलिसिस झालं असेल तर तज्ज्ञाचं नाव. आणि हे रुग्णाला मराठीत, तोंडी, घरच्या एका माणसासमोर सांगा. सुट्टीच्या दिवशी बिलाच्या रांगेत नव्हे, आदल्या संध्याकाळी, कारण सुट्टीच्या दिवशी त्याच्या कानात रिक्षा आणि कॅशलेसची मंजुरी यांपलीकडे काही जात नाही.

रुग्णांसाठी: तारीख आली की ईजीएफआर आणि एसीआर, दोन्ही. सकाळची पहिली लघवी, लॅबच्या डबीत. ताप असला, लघवीला जळजळ असली तर ती उतरेपर्यंत थांबा. आदल्या रात्री मटणाचा बेत झाला असेल तर क्रिएटिनिन उगाच थोडं वर दिसतं. मग दोन दिवसांनी जा. दोन महिन्यांनी नको.